आकाशगंगेची तिसरी मिती कशी मोजतात

मृग नक्षत्रात राजन्य नावाचा निळसर पांढरा तारा आहे. तिथून थोडं पुढे व्याध. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर दोघं एकाच वस्तीतले वाटतात, आणि त्यात व्याध जास्त तेजस्वी दिसतो. प्रत्यक्षात व्याध आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षांवर आहे आणि राजन्य सुमारे ८६० प्रकाशवर्षांवर, म्हणजे शंभरपट लांब. राजन्य व्याधाच्या जागी आणून ठेवता आला असता, तर आज दिसतो त्याच्या दहा हजारपट तेजस्वी दिसला असता आणि रात्री त्याच्या उजेडात आपल्या सावल्या पडल्या असत्या.

आकाशाकडे पाहून ही गोष्ट कळत नाही. तारा कुठल्या दिशेला आहे हे दोन आकड्यांत सांगता येतं, जसं नकाशावरचं गाव अक्षांश-रेखांशांत सांगतात. हे दोन आकडे फोटोतून मिळतात. तिसरा आकडा म्हणजे अंतर, आणि तो फोटोत नसतो. आकाशगंगेचा त्रिमितीय नकाशा काढायचा म्हणजे हा तिसरा आकडा एकेका ताऱ्यासाठी मिळवायचा. गेली जवळपास दोनशे वर्षं खगोलशास्त्रज्ञांची मोठी ताकद याच कामात गेली आहे. माझ्या मते दुर्बिणींनी केलेल्या कामांपैकी हे सर्वांत मूलभूत काम आहे, कारण ताऱ्याचं खरं तेज, आकार, वय यांतलं काहीही अंतर कळल्याशिवाय नीट सांगता येत नाही.

आकाशगंगेची वरून दिसणारी, सर्पिल भुजांची जी देखणी चित्रं आपण पाहतो, ती सगळी रेखाटलेली असतात. तसा फोटो कोणीही काढलेला नाही आणि काढता येणारही नाही. आकाशगंगेची तबकडी सुमारे एक लाख प्रकाशवर्षं रुंद आहे. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर-१ यान पन्नासेक वर्षांच्या प्रवासानंतर जेमतेम एका प्रकाशदिवसाच्या अंतरावर पोहोचतंय. तबकडीच्या बाहेर जाऊन मागे वळून बघणं आपल्याला शक्य नाही. जे काही मोजायचं, ते आत बसूनच मोजावं लागतं.

आत बसून मोजण्याचा पहिला मोठा प्रयत्न विल्यम हर्शेल यांनी केला. बहीण कॅरोलाइनच्या मदतीने त्यांनी आकाशाच्या शेकडो भागांत दुर्बीण रोखली आणि प्रत्येक भागात किती तारे दिसतात ते मोजलं. जिकडे तारे जास्त, तिकडे आकाशगंगा जास्त लांबवर पसरलेली, असं गृहीत धरून १७८५ मध्ये त्यांनी तिचा छेद काढून दाखवला. आकृती चपटी आली, आणि ते बरोबर होतं. पण सूर्य जवळजवळ मध्यभागी आला, आणि ते साफ चूक होतं. याचं कारण ताऱ्यांमधल्या पोकळीत विखुरलेली धूळ. ही धूळ लांबच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवते. धुक्यात उभं राहिलं की कुठल्याही दिशेला सारख्याच अंतरापर्यंत दिसतं आणि आपणच मधोमध आहोत असं वाटतं, तसं हर्शेल यांचं झालं. ही धूळ सगळीकडे पसरलेली आहे हे रॉबर्ट ट्रम्पलर यांनी १९३० मध्ये दाखवून दिलं, तोवर जवळपास दीडशे वर्षं उलटली होती.

तारे मोजून भागत नाही. अंतर थेट मोजायला हवं. त्याची सर्वांत भरवशाची पद्धत शुद्ध भूमितीची आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे आज ती जिथे आहे तिथून सहा महिन्यांनी ३० कोटी किलोमीटर दूर असते. या दोन टोकांवरून एकच तारा पाहिला, तर मागच्या फार लांबच्या ताऱ्यांच्या तुलनेत तो किंचित सरकलेला दिसतो. जवळचा तारा जास्त सरकतो, लांबचा कमी. या सरकण्याच्या निम्म्या कोनाला पराशय म्हणतात. पराशय कळला की त्रिकोण पूर्ण होतो आणि अंतर हातात येतं. ताऱ्यात काय जळतंय, तो किती मोठा आहे, यातलं काहीच माहीत असावं लागत नाही.

अडचण एवढीच की हा कोन अतिशय लहान असतो. एका अंशाचे ३६०० भाग केले की एक आर्कसेकंद होतो. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याचा पराशयसुद्धा एका आर्कसेकंदापेक्षा कमी, ०.७७ भरतो. बाकी सगळ्या ताऱ्यांचा याहून कमी. म्हणूनच कोपर्निकसनंतर जवळपास तीनशे वर्षं हा कोन कोणाच्या हाती लागला नाही. १८३८ मध्ये फ्रीडरिक बेसेल यांनी हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय ०.३१ आर्कसेकंद असल्याचं जाहीर केलं. आजच्या मोजमापाप्रमाणे तो ०.२९ च्या आत आहे आणि तारा ११.४ प्रकाशवर्षांवर. त्या काळच्या साधनांनी केलेलं मोजमाप इतकं जवळ यावं, याचं मला फार कौतुक वाटतं.

जमिनीवरून मोजताना वातावरण आडवं येतं. हवा हलते, ताऱ्याची प्रतिमा थरथरते आणि कोनाची बारीक मोजणी त्यात हरवते. युरोपियन अवकाश संस्थेने म्हणून १९८९ मध्ये हिपार्कस हा उपग्रह पाठवला. त्याने सुमारे १ लाख १८ हजार ताऱ्यांचे पराशय एक मिली-आर्कसेकंद, म्हणजे आर्कसेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजले. तरीही दहा टक्के अचूकतेचा नकाशा तीनेकशे प्रकाशवर्षांवर संपत होता. एक लाख प्रकाशवर्षांच्या तबकडीत हे अगदी आपलं अंगण.

खरी उडी घेतली ती गायाने. युरोपियन अवकाश संस्थेचंच हे यान १९ डिसेंबर २०१३ ला निघालं, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर जाऊन स्थिरावलं आणि जुलै २०१४ पासून १५ जानेवारी २०२५ पर्यंत ताऱ्यांच्या जागा मोजत राहिलं. त्याच्या रचनेत एक सुंदर युक्ती आहे.

एकाच दिशेला पाहणाऱ्या दुर्बिणीच्या चौकटीतले सगळे तारे एका वेळी एकाच बाजूला सरकतात. त्यामुळे जवळचा तारा लांबच्यापेक्षा किती जास्त सरकला, एवढंच कळतं. लांबचाही थोडा सरकलेला असतो. तो किती, हे त्या चौकटीत बसून कळायला मार्ग नसतो. सापेक्ष अंतरं मिळतात, खरी अंतरं नाहीत. गायावर म्हणून दोन दुर्बिणी बसवल्या होत्या, एकमेकींशी १०६.५ अंशांचा कोन करून, आणि दोन्हींचा प्रकाश एकाच कॅमेऱ्यावर पडत होता. इतक्या दूरच्या दोन दिशांना तारे एकाच वेळी सारखे सरकत नाहीत. यान दर सहा तासांनी स्वतःभोवती एक फेरी घ्यायचं. दोन्ही दुर्बिणींतले तारे एकाच मोजपट्टीवर एकत्र यायचे, आणि अशा कोट्यवधी जोड्या गुंफत गेलं की अख्ख्या आकाशाची एकच सुसंगत जाळी तयार व्हायची. तीतून पराशय थेट निघतो, कोणाच्या तुलनेत काढावा लागत नाही.

कॅमेराही तसाच. १०६ सीसीडींची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चकत्यांची, जवळपास शंभर कोटी पिक्सेलची ही पाटी. यान सतत फिरत असल्यामुळे तारा पाटीवर एका जागी थांबत नाही, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकत जातो. मग पिक्सेलमध्ये साठलेला विद्युतभारही त्याच वेगाने, त्याच दिशेने ढकलला जायचा, जेणेकरून प्रतिमा फाटू नये. एक सीसीडी ओलांडायला ताऱ्याला सुमारे साडेचार सेकंद लागायचे. तारा नेमका कोणत्या क्षणी सीसीडीवरची ठरलेली रेषा ओलांडतो, याची नोंद म्हणजेच त्याच्या जागेची नोंद. साडेदहा वर्षांत अशी सुमारे तीन लाख कोटी निरीक्षणं झाली.

डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत १८१ कोटी ताऱ्यांच्या जागा आणि तेज आहे, आणि त्यांपैकी सुमारे १४७ कोटींचे पराशय. तेजस्वी ताऱ्यांच्या बाबतीत अचूकता ०.०२ मिली-आर्कसेकंदांच्या आसपास, हिपार्कसच्या पन्नासपट. अगदी मंद ताऱ्यांच्या बाबतीत मात्र ती अर्ध्या मिली-आर्कसेकंदापर्यंत घसरते.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या टप्प्यावर बरेच लेख 'गायाने दोनशे कोटी ताऱ्यांची अंतरं मोजली' असं लिहून पुढे जातात. गायाने कोन मोजले. कोनावरून अंतर काढताना भागाकार करावा लागतो आणि तिथे गंमत होते. समजा, एका ताऱ्याचा पराशय ०.२ मिली-आर्कसेकंद मोजला आणि त्यात ०.१ इकडे-तिकडे होऊ शकतं. ०.२ धरला तर अंतर १६,३०० प्रकाशवर्षं. खरा पराशय ०.३ असेल तर तारा १०,९०० प्रकाशवर्षांवर. पण खरा ०.१ असेल तर ३२,६०० वर! म्हणजे कोनातली चूक दोन्ही बाजूंना सारखी असली, तरी अंतरातली चूक एका बाजूला ५,४०० प्रकाशवर्षं आणि दुसऱ्या बाजूला १६,३००. अतिदूरच्या मंद ताऱ्यांचं तर याहून विचित्र होतं. खरा पराशय जवळपास शून्य आणि मोजणीतली चूक त्यापेक्षा मोठी, त्यामुळे उत्तर ऋणसुद्धा येऊ शकतं. गायाच्या यादीत कोट्यवधी ताऱ्यांचे पराशय ऋण आहेत. ऋण अंतर असं काही नसतं, पण म्हणून ते आकडे फेकून दिले तर फक्त एका बाजूच्या चुका उरतात आणि सगळा नकाशा तिरका होतो.

मग इतर माहितीची जोड द्यावी लागते. त्या दिशेला साधारण किती अंतरावर किती तारे असायला हवेत, ताऱ्याचा रंग आणि तेज काय सांगतात, हे पराशयाबरोबर एकत्र तोलून सर्वांत संभाव्य अंतर आणि त्याची दोन्हीकडची मर्यादा काढतात. १४७ कोटी ताऱ्यांची अशी अंतरं २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. जवळच्या ताऱ्यांच्या बाबतीत ती जवळजवळ पूर्णपणे गायाच्या मोजणीवर उभी आहेत, लांबच्यांच्या बाबतीत बरीचशी आपल्या अपेक्षेवर. या नकाशातला प्रत्येक ठिपका सारख्याच विश्वासाचा नाही, आणि हे लपवलेलंही नाही: यादीत प्रत्येक आकड्याशेजारी त्याची अनिश्चितता लिहिलेली आहे.

मोजपट्टीचा शून्य नीट आहे का, हेही तपासावं लागलं. त्यासाठी क्वेझार, म्हणजे दूरच्या दीर्घिकांचे (आकाशगंगेसारख्या इतर ताराविश्वांचे) अतितेजस्वी गाभे, उपयोगी पडले. हे इतक्या प्रचंड अंतरावर असतात की त्यांचा पराशय शून्यच यायला हवा. गायाने मोजला तर सरासरी उणे ०.०१७ मिली-आर्कसेकंद आला. आकडा नगण्य वाटतो, पण १६,००० प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचं अंतर त्यामुळे आठ-नऊ टक्क्यांनी चुकतं. ही दुरुस्ती ताऱ्याचं तेज, रंग आणि आकाशातली जागा पाहून करतात.

अंतरं हातात आल्यावर हर्शेल यांना फसवणाऱ्या धुळीचाही नकाशा काढता आला. पद्धत अशी: धूळ ताऱ्याचा निळा प्रकाश जास्त अडवते आणि तांबडा कमी, म्हणून धुळीआडचा तारा आहे त्यापेक्षा लालसर दिसतो. ताऱ्याचा खरा रंग त्याच्या वर्णपटावरून, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यावरून, कळतो. खरा रंग आणि दिसणारा रंग यांतल्या फरकावरून वाटेत किती धूळ आहे ते निघतं. आता एकाच दिशेचे पुष्कळ तारे घ्या, अंतराप्रमाणे रांगेत लावा. ५०० प्रकाशवर्षांपर्यंतचे तारे स्वच्छ आणि ६०० च्या पुढचे सगळे लालसर असतील, तर ढग त्या दोहोंमध्ये आहे. सुमारे ५.४ कोटी ताऱ्यांवर हे गणित करून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला नकाशा आपल्याभोवती चार हजार प्रकाशवर्षांपर्यंतचे धुळीचे ढग त्रिमितीत दाखवतो. जी धूळ आड येत होती तीच नकाशात उतरली, आणि धुळीच्या ढगांतच नवे तारे जन्मतात म्हणून तो नकाशा विशेष मोलाचा आहे.

तिसरी मिती आल्याने काय बदलतं, याचं माझ्या दृष्टीने सर्वांत बोलकं उदाहरण गूल्डच्या पट्ट्याचं. मृग, वृश्चिक, ययाती अशा तारकासमूहांतले तेजस्वी तरुण तारे आणि ताराजन्माचे ढग आकाशात एका तिरक्या पट्ट्यात दिसतात. एकोणिसाव्या शतकात बेंजामिन गूल्ड यांनी हा पट्टा नीट आखून दाखवला, आणि पुढे शंभराहून जास्त वर्षं असं मानलं गेलं की आपल्याभोवती ताऱ्यांचं एक मोठं कडं आहे. मग गायाची अंतरं वापरून या ढगांच्या जागा त्रिमितीत मांडल्या. कडं निघालंच नाही! त्यातले पुष्कळसे ढग सुमारे ९,००० प्रकाशवर्षं लांबीच्या एका नागमोडी रांगेत होते. ही रांग तबकडीच्या मधल्या पातळीपासून सुमारे ५०० प्रकाशवर्षं वर जाते आणि तेवढीच खाली येते. २०२० मध्ये तिचं रॅडक्लिफ लाट असं नामकरण झालं. मृगातला प्रसिद्ध तेजोमेघ या लाटेतलाच. लांबच्या आणि जवळच्या गोष्टी एकाच पडद्यावर पडल्यामुळे शतकभर कड्याचा भास होत होता. पुढे २०२४ मध्ये असंही दिसून आलं की ही लाट खरोखरच वर-खाली हेलकावते आहे.

पण गाया दृश्य प्रकाशात पाहायचं. आकाशगंगेच्या मध्याकडे, धनू राशीच्या दिशेला, धूळ इतकी दाट आहे की दृश्य प्रकाश पार होतच नाही. तिथे रेडिओ दुर्बिणी लागतात, कारण रेडिओ लहरींना धुळीचा अडथळा होत नाही. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडतो, असं हेंड्रिक व्हॅन डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये सांगितलं आणि १९५१ मध्ये त्या सापडल्या. वायूचा ढग आपल्याकडे येत असेल किंवा दूर जात असेल, तर लहरींची लांबी किंचित बदलते आणि त्याचा वेग कळतो. आकाशगंगा कशी फिरते याचा ढोबळ आराखडा हाती असला की वेगावरून अंतराचा अंदाज बांधता येतो. १९५० च्या दशकात सर्पिल भुजांचे पहिले नकाशे असेच निघाले.

या पद्धतीत कच्चे दुवे आहेत. सूर्याच्या कक्षेच्या आतल्या बाजूला एकाच वेगाला दोन अंतरं जुळतात, एक अलीकडचं आणि एक पलीकडचं. शिवाय ढग नेमके वर्तुळातच फिरत नाहीत. अंतर चुकलं की ढग दृष्टिरेषेवरच पुढे-मागे ताणला जातो, आणि नकाशात सूर्याकडे रोखलेल्या लांबोळक्या रेघा दिसू लागतात. आकाशगंगेचा कुठलाही नकाशा पाहताना ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. सगळ्या रेघा आपल्याचकडे बोट दाखवत असतील, तर त्या आकाशगंगेतल्या नाहीत, अंतराच्या चुकीतून आलेल्या आहेत.

रेडिओतही पराशय मोजता येतो, आणि तो फारच अचूक. ताराजन्माच्या ढगांत पाण्याचे आणि मिथेनॉलचे रेणू काही ठिकाणी लेझरसारखा, पण रेडिओ लहरींचा, झोत सोडतात. त्यांना मेसर म्हणतात. हवाईपासून कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटापर्यंत पसरलेल्या, प्रत्येकी २५ मीटर व्यासाच्या दहा रेडिओ दुर्बिणी एकत्र वापरल्या की आठ हजार किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीइतका बारकावा मिळतो. अशा निरीक्षणांतून २०१७ मध्ये सुमारे ६६,००० प्रकाशवर्षांवरच्या, म्हणजे आकाशगंगेच्या केंद्रापलीकडच्या एका ताराजन्म क्षेत्राचा पराशय थेट मोजला गेला. २०१९ पर्यंत सुमारे २०० मेसरची अंतरं जमली, आणि आकाशगंगेला चार मुख्य भुजा असल्याच्या चित्राला त्यांनी चांगलाच आधार दिला. केंद्रातल्या कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या ताऱ्याचा पाठपुरावा करून केंद्राचं अंतरही पक्कं झालं आहे, सुमारे २६,७०० प्रकाशवर्षं. हार्लो शॅप्ली यांनी गोलाकार तारकागुच्छांवरून १९१८ मध्ये सूर्य मध्यभागी नाही हे ओळखलं होतं, पण त्यांचं अंतर याच्या दुपटीहून जास्त आलं होतं.

बाहेरच्या कडेसाठी सेफीड तारे उपयोगी पडतात. ते ठरावीक काळाने उजळतात आणि मंदावतात, आणि हा काळ जितका मोठा तितकं त्यांचं खरं तेज जास्त, हे हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये स्पष्ट केलं. खरं तेज आणि दिसणारं तेज यांवरून अंतर निघतं. २०१९ मध्ये सुमारे २,४०० सेफीड मांडल्यावर दिसलं की आकाशगंगेची तबकडी सपाट नाही. एका कडेला ती वर उचललेली आहे, दुसऱ्या कडेला खाली झुकलेली.

गायाने ताऱ्यांच्या जागांबरोबर त्यांचे वेगही दिले आहेत. आकाशाच्या पडद्यावर तारा कुठे सरकतोय हे पराशयाच्याच निरीक्षणांतून कळतं, आणि ३.३ कोटींहून जास्त ताऱ्यांचा आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग त्यांच्या वर्णपटावरून. जागेचे तीन आणि वेगाचे तीन असे सहा आकडे जमले की तारा पूर्वी कुठे होता ते मागे जाऊन काढता येतं. सूर्याच्या आसपासचे काही तारे भलत्याच लांबट कक्षांत फिरतात, असं यातूनच २०१८ मध्ये ठळकपणे पुढे आलं. त्यांची रासायनिक घडणही वेगळी आहे. सुमारे एक हजार कोटी वर्षांपूर्वी एक लहान दीर्घिका आकाशगंगेवर आदळून तिच्यात विरघळली, आणि हे तिचे तारे आहेत. आज गाया-एन्सेलॅडस या नावाने ती ओळखली जाते.

इतकं होऊनही आकाशगंगेत किमान दहा हजार कोटी तारे आहेत आणि गायाची यादी त्यांच्या दोन टक्क्यांच्या आतच आहे. केंद्राच्या पलीकडचा भाग जवळपास कोराच आहे. तिथे मोजके मेसर आणि काही तारकागुच्छ, एवढाच आधार. धुळीतून बऱ्यापैकी पार होणाऱ्या अवरक्त प्रकाशात पराशय मोजणारं यान हा त्यावरचा उपाय आहे. जपान जास्मिन हा लहान उपग्रह याच कामासाठी, केंद्राच्या दिशेवर भर देऊन, तयार करत आहे. गायाची निरीक्षणं थांबली असली तरी हिशेब चालूच आहे. साडेपाच वर्षांच्या निरीक्षणांवर आधारलेली चौथी यादी डिसेंबर २०२६ मध्ये यायची आहे. तिच्यात पहिल्यांदाच प्रत्येक ताऱ्याच्या एकेका वेळच्या नोंदी सुट्या मिळतील, आणि आधीच्या याद्यांप्रमाणेच त्या कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतील.